ताऱ्यांच्या आणि वायूच्या गतीवरून दीर्घिकेचा इतिहास कसा कळतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दीर्घिकांची, म्हणजे ताऱ्यांच्या आणि वायूच्या प्रचंड समूहांची, छायाचित्रं आपण सगळ्यांनी पाहिलेली असतात. पण दीर्घिका घडली कशी, हे छायाचित्रातून फारसं कळत नाही. फोटोत अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन दीर्घिकांमधल्या ताऱ्यांचे वेग मोजले, तर दोघींचा भूतकाळ पूर्णपणे वेगळा निघू शकतो. गेल्या पंधरा-वीस वर्षांत खगोलशास्त्रात जे काही घडलं, त्यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच: दीर्घिकेचं रूप पाहणं मागे पडलं आणि तिच्यातली हालचाल वाचायला आपण शिकलो. व्याख्यानांनंतर आणि पत्रांतून हमखास विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

ताऱ्याचा वेग मोजतात तरी कसा?

दोन भागांत. तारा आपल्याकडे येतोय की दूर जातोय, हे त्याच्या वर्णपटावरून, म्हणजे तरंगलांबीनुसार सुट्या केलेल्या प्रकाशावरून, कळतं. वर्णपटात ठरावीक तरंगलांबीवर काळ्या किंवा उजळ रेषा असतात. हायड्रोजनची लाल रेषा प्रयोगशाळेत ६५६.२८ नॅनोमीटरवर येते. तारा सेकंदाला १०० किलोमीटर वेगाने दूर जात असेल, तर तीच रेषा साधारण ०.२२ नॅनोमीटरने लाल बाजूला सरकलेली दिसते. जवळ येत असेल तर तेवढीच निळ्या बाजूला. यालाच डॉपलर परिणाम म्हणतात. या पद्धतीची मोठी सोय अशी, की वस्तू किती लांब आहे याने तिचं अडत नाही. पुरेसा प्रकाश गोळा झाला, की कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या वायूचाही वेग मिळतो. व्हेस्टो स्लायफर यांनी १९१२ साली देवयानी दीर्घिकेचा वेग असाच मोजला होता. ती आपल्या आकाशगंगेच्या, म्हणजे सूर्य जिच्यात आहे त्या दीर्घिकेच्या, बाहेर आहे, हे तेव्हा सिद्धही झालेलं नव्हतं.

दुसरा भाग आडव्या सरकण्याचा, आणि तो फार अवघड. ३ हजार प्रकाशवर्षांवरचा एखादा तारा आडव्या दिशेने सेकंदाला ३० किलोमीटर पळत असला, तरी आकाशात पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीइतकं सरकायला त्याला अडीच लाखांहून जास्त वर्षं लागतात. इतकी बारीक हालचाल जमिनीवरून, थरथरणाऱ्या हवेतून मोजणं जवळपास अशक्य. म्हणून युरोपीय अवकाश संस्थेने १९ डिसेंबर २०१३ रोजी ‘गाया’ ही दुर्बीण सोडली. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर राहून तिने जवळपास १८० कोटी ताऱ्यांच्या जागा पुन्हा पुन्हा मोजल्या. तिचं निरीक्षणाचं काम जानेवारी २०२५ मध्ये संपलं, पण तिच्या नोंदींवरचं संशोधन अजून कित्येक वर्षं चालेल.

आपल्याला तर फक्त आत्ताचा क्षण दिसतो. आत्ताच्या वेगावरून अब्जावधी वर्षांपूर्वीचं कसं सांगता?

सगळा विषय या एका प्रश्नावर उभा आहे, म्हणून जरा सविस्तर.

सूर्य आकाशगंगेच्या केंद्रापासून सुमारे २६ ते २७ हजार प्रकाशवर्षांवर आहे आणि सेकंदाला साधारण २३० किलोमीटर वेगाने केंद्राभोवती फिरतो. एक फेरी पूर्ण व्हायला जवळपास २३ कोटी वर्षं लागतात. म्हणजे जन्मापासून आजवर त्याच्या वीसेक फेऱ्या झाल्या आहेत. प्रभामंडळातल्या, म्हणजे सूर्यासारखे बहुतेक तारे ज्या चपट्या तबकडीत आहेत तिच्या बाहेर दूरवर पसरलेल्या ताऱ्यांना तर एका फेरीला अब्ज वर्षांहून जास्त लागू शकतात. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं आहे. मानवी हिशेबाने हा काळ अफाट असला, तरी दीर्घिकेच्या बाहेरच्या भागात तो जेमतेम काही फेऱ्यांचा आहे. तिथे काही घडलं असेल, तर त्याच्या खुणा पुसायला पुरेसा वेळच गेलेला नाही.

दुसरं कारण याहून महत्त्वाचं. तारे एकमेकांवर आदळत नाहीत. सूर्याला सगळ्यात जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर, म्हणजे सुमारे ४० लाख कोटी किलोमीटरवर आहे. मधल्या अंतरात जवळपास तीन कोटी सूर्य ओळीने मावतील. दोन दीर्घिका एकमेकींतून आरपार गेल्या, तरी तारे आपापल्या वाटेने सुटे निघून जातात. प्रत्येक तारा साऱ्या दीर्घिकेच्या एकत्रित गुरुत्वाकर्षणाखाली फिरत राहतो, आणि हे गुरुत्वाकर्षण हळूहळू बदलत असेल तर त्याच्या कक्षेतल्या काही राशी जवळजवळ कायम राहतात. कोनीय संवेग, म्हणजे केंद्राभोवतीच्या फिरण्याचं माप, ही त्यातली एक. ताऱ्याची जागा रोज बदलते. ज्या सोबत्यांबरोबर तो जन्मला ते आकाशभर पांगतात. पण त्यांच्या कक्षांची ऊर्जा आणि कोनीय संवेग यांचा आलेख काढला, तर एके काळी एकत्र आलेले तारे त्या आलेखावर अजूनही एका घोळक्यात सापडतात. आकाशात जे विखुरलेलं दिसतं, ते गतीच्या आलेखात एकत्र दिसतं.

मग वायू वेगळं काय सांगतो?

वायूचे ढग एकमेकांवर आदळतात. आदळले की तापतात, ती उष्णता प्रकाशरूपाने बाहेर फेकतात आणि आपली ऊर्जा गमावून बसतात. ऊर्जा अशी निघून जाते, पण कोनीय संवेग सहजासहजी जात नाही. परिणामी वायू पसरट तबकडीत बसतो आणि वर्तुळाकार कक्षांत फिरू लागतो. उलटसुलट वाटांनी जाणारे ढग फार काळ टिकूच शकत नाहीत.

थोडक्यात, वायू आपला जुना इतिहास लवकर विसरतो. त्याच्याकडे असते ती ताजी बातमी: आत काय येतंय, बाहेर काय फेकलं जातंय, नवे तारे कुठे घडताहेत. तारे जुनी गोष्ट सांगतात आणि वायू चालू असलेली. दोघांचं म्हणणं शेजारी ठेवलं आणि ते जुळलं नाही, तर मधल्या काळात काहीतरी घडलंय, हे नक्की. दीर्घिकांच्या जडणघडणीबद्दल आपल्याला जे कळलं आहे, त्यातलं बरंचसं या न जुळण्यातून कळलेलं आहे.

थंड हायड्रोजन वायू २१ सेंटिमीटर तरंगलांबीची रेडिओ लहर सोडतो. हेंड्रिक व्हान द हल्स्ट यांनी १९४४ साली हे भाकीत केलं होतं आणि १९५१ साली ती लहर प्रत्यक्ष सापडली. ताऱ्यांच्या कितीतरी पलीकडे, जिथे डोळ्यांना फक्त अंधार दिसतो, तिथल्या वायूचा वेगही त्यामुळे मोजता येऊ लागला.

फिरणारी दीर्घिका आणि न फिरणारी दीर्घिका म्हणजे काय? सगळ्याच फिरतात ना?

तारे सगळीकडे फिरतात. प्रश्न असतो तो सगळे मिळून एका दिशेने फिरतात का, हा. आषाढी वारीत लाखो माणसं चालतात. कोणी जरा पुढे, कोणी मागे, पण सगळ्यांची दिशा पंढरपूरची. तेच लोक जत्रेच्या मैदानात पांगले, की जो तो आपल्या वाटेने. माणसं तितकीच चालतात, पण समूह म्हणून कुठेच जात नाहीत. खगोलशास्त्रज्ञ या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजतात: एकत्रित फिरण्याचा वेग आणि वेगांमधला विखुरलेपणा. त्यांचं गुणोत्तर हे दीर्घिकेबद्दलच्या सगळ्यात उपयोगी आकड्यांपैकी एक आहे.

लंबगोल दीर्घिका त्यांच्या फिरण्यामुळेच चपट्या झाल्या असाव्यात, असं बराच काळ गृहीत धरलेलं होतं. १९७५ ते १९७७ या काळात काही मोठ्या लंबगोल दीर्घिकांचे वेग मोजले गेले आणि त्या जवळजवळ फिरतच नाहीत असं आढळलं. त्यांचा आकार टिकून आहे तो ताऱ्यांच्या विखुरलेल्या हालचालींमुळे. पुढे दीर्घिकेच्या प्रत्येक भागाचा वर्णपट एकाच वेळी घेणारी उपकरणं आली. ‘ॲटलास थ्री-डी’ या पाहणीत जवळच्या २६० दीर्घिका अशा तपासल्या गेल्या. त्या सगळ्या लंबगोल किंवा भिंगाच्या आकाराच्या, म्हणजे दिसायला शांत, लालसर आणि एकमेकींसारख्या होत्या. तरीही त्यातल्या ८६ टक्के व्यवस्थित फिरणाऱ्या निघाल्या आणि १४ टक्के जवळपास न फिरणाऱ्या. न फिरणाऱ्या बहुतेक फार वजनदार आहेत. अनेक दीर्घिका वेगवेगळ्या दिशांनी येऊन विलीन झाल्या, की प्रत्येकीचं फिरणं दुसरीच्या फिरण्याला खोडत जातं. अशा वारंवार झालेल्या, वायू फारसा नसलेल्या विलीनीकरणांतून त्या घडल्या, असं आज मानलं जातं. छायाचित्रात ही विभागणी ओळखू येत नाही, ती वेग मोजूनच करावी लागते.

आपल्या आकाशगंगेने दुसरी दीर्घिका गिळली असं म्हणतात. पुरावा काय?

या उत्तराला मी जरा जास्त जागा देणार आहे, कारण ही कथा साठ वर्षांची आहे आणि तिच्यातलं वळण फार सुंदर आहे.

१९६२ साली ओलिन एगन, डोनाल्ड लिंडन-बेल आणि ॲलन सँडेज यांनी २२१ ताऱ्यांच्या कक्षा तपासल्या. ज्या ताऱ्यांत लोहासारखी जड मूलद्रव्यं कमी, म्हणजे जे जुने, त्यांच्या कक्षा लांबोळक्या होत्या. ते केंद्राच्या जवळ घुसत आणि पुन्हा दूरवर जात. नव्या ताऱ्यांच्या कक्षा जवळजवळ वर्तुळाकार होत्या. तिघांनी निष्कर्ष काढला, की वायूचा एक प्रचंड ढग सुमारे २० कोटी वर्षांत झपाट्याने आकसला, पडता पडता जे तारे जन्मले त्यांच्या कक्षा लांबोळक्या राहिल्या आणि उरलेला वायू तबकडीत बसला. ताऱ्यांच्या आजच्या गतीवरून दीर्घिकेचा जन्म वाचण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न होता. १९७८ मध्ये लिओनार्ड सर्ल आणि रॉबर्ट झिन यांनी गोलाकार तारकागुच्छ, म्हणजे जुन्या ताऱ्यांचे दाट गोळे, तपासून वेगळं मत मांडलं: प्रभामंडळ एकदम घडलेलं नाही, लहान लहान तुकडे बराच काळ येऊन मिळत गेले आणि त्यातून ते घडलं.

दोन्ही मतं चाळीस वर्षं शेजारी शेजारी नांदली. मग २५ एप्रिल २०१८ रोजी गायाचा दुसरा माहितीसंच सर्वांसाठी खुला झाला. त्या वर्षी वासिली बेलोकुरोव आणि अमिना हेल्मी यांच्या गटांनी वेगवेगळ्या मार्गांनी एकाच गोष्टीवर बोट ठेवलं. सूर्याच्या आसपास दिसणाऱ्या प्रभामंडळातल्या ताऱ्यांपैकी फार मोठा हिस्सा केंद्राभोवती फिरतच नाही. ते केंद्राकडे सरळ धावतात आणि सरळ परत जातात. वेगांच्या आलेखावर त्यांचा आकार लांबट दिसतो, म्हणून एका गटाने त्याला ‘सॉसेज’ म्हटलं. दुसऱ्याने ग्रीक पुराणातल्या राक्षसावरून ‘एन्सेलॅडस’ हे नाव दिलं. आता दोन्ही नावं जोडून ‘गाया-सॉसेज-एन्सेलॅडस’ असं म्हणतात. हे तारे म्हणजे सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वी आकाशगंगेवर जवळजवळ समोरासमोर येऊन आदळलेल्या एका दीर्घिकेचे अवशेष.

ते बाहेरूनच आले, हे त्यांच्या रसायनावरूनही पटतं. मॅग्नेशियम मुख्यतः मोठ्या, अल्पायुषी ताऱ्यांच्या स्फोटांतून तयार होतं. लोहाचा मोठा भाग श्वेतबटूंच्या, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या गाभ्यांच्या, स्फोटांतून, उशिरा येतो. लहान दीर्घिकेत तारे संथपणे घडतात, त्यामुळे तिथे लोह कमी असतानाच मॅग्नेशियमचं प्रमाण घसरू लागतं. या ताऱ्यांमध्ये नेमकं तसंच दिसतं.

त्या धडकेने आपल्या आकाशगंगेच्या तेव्हाच्या तबकडीतलेही बरेच तारे उधळले गेले. आज ते प्रभामंडळासारख्या कक्षांत फिरतात, पण त्यांचं रसायन घरचंच आहे. असे उधळलेले तारे किती वयाचे आहेत हे पाहून धडक कधी झाली याचा अंदाज बांधता येतो.

१९६२ च्या त्या २२१ ताऱ्यांमधल्या लांबोळक्या कक्षांपैकी बऱ्याच, आजच्या समजुतीप्रमाणे, याच गिळलेल्या दीर्घिकेच्या आहेत. निरीक्षण अचूक होतं. फक्त त्या काळी तारे इतके थोडे मोजता येत होते, की घरचे आणि बाहेरचे वेगळे करणं शक्यच नव्हतं.

शिव आणि शक्ती या नावांच्या तारकाधारा खरंच आहेत?

आहेत. ख्याति मल्हान आणि हान्स-वाल्टर रिक्स यांनी मार्च २०२४ मध्ये ही नावं दिली. गायाच्या नोंदींतून त्यांनी कमी धातू, म्हणजे लोहासारखी जड मूलद्रव्यं कमी, असलेल्या ताऱ्यांची ऊर्जा आणि कोनीय संवेग काढले, तेव्हा दोन ठळक घोळके दिसले. १२ ते १३ अब्ज वर्षांपूर्वी, आकाशगंगा नुकती आकाराला येत असताना, तिच्यात मिसळलेले हे सुरुवातीचे मोठे तुकडे असावेत, असं त्यांचं म्हणणं आहे. प्रत्येकाचं वस्तुमान साधारण एक कोटी सूर्यांएवढं.

यावर आक्षेपही आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. आकाशगंगेच्या मध्यभागी ताऱ्यांचा एक लांबट पट्टा आहे आणि तो फिरतो. त्याच्या फिरण्याशी काही ताऱ्यांच्या कक्षांचा मेळ बसला, की बाहेरून काहीही न येता आतल्याच ताऱ्यांचे असे घोळके तयार होऊ शकतात. गतीच्या आलेखात घोळका दिसला म्हणजे दीर्घिका गिळल्याचा पुरावा मिळालाच, असं समजू नये.

सध्या कुठली दीर्घिका गिळणं चालू आहे का?

हो. धनु राशीच्या दिशेला सुमारे ८० हजार प्रकाशवर्षांवर एक बटू दीर्घिका आहे आणि तिचे लचके तुटत आहेत. तिचा शोधही गतीतूनच लागला. रॉड्रिगो इबाटा, जेरार्ड गिलमोर आणि माइक आयर्विन हे आकाशगंगेच्या मधल्या फुगवट्यातल्या ताऱ्यांचे वेग मोजत होते. त्यात काही तारे असे निघाले, की सगळे सेकंदाला १४० किलोमीटरच्या आसपास एकाच वेगाने दूर जात होते. फुगवट्यातल्या ताऱ्यांचे वेग इतके एकसारखे कधीच नसतात. १९९४ साली जाहीर झालं, की फुगवट्याच्या पलीकडे एक अख्खी दीर्घिका दडलेली आहे. तिच्यातून ओढले गेलेले तारे आज साऱ्या आकाशाला वेढा घालणाऱ्या धारेत पसरले आहेत.

२०१८ मध्ये तेरेसा अंतोजा यांच्या गटाला सूर्याजवळच्या ताऱ्यांत एक विलक्षण गोष्ट दिसली. तारा तबकडीच्या किती वर किंवा खाली आहे आणि वर-खाली किती वेगाने जातोय, असा आलेख काढला तर गोगलगायीच्या शंखासारखी गुंडाळी उमटते. तबकडीला बाहेरून धक्का बसला, की सगळे तारे एकदम हलतात. पण जास्त उंच जाणाऱ्या ताऱ्याला वर-खाली व्हायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे तो मागे पडत जातो आणि आलेखावरची आकृती गुंडाळत जाते. किती वेढे पडले हे मोजलं, की धक्का कधी बसला ते कळतं. त्यांचं उत्तर आलं ३० ते ९० कोटी वर्षांपूर्वी. धनु बटू दीर्घिका आकाशगंगेजवळून गेली असावी तो काळ याच्याशी जुळतो. धक्का एकदाच बसला की अनेक लहान धक्क्यांचा हा एकत्रित परिणाम, यावर अजून वाद चालू आहे.

यात कृष्णद्रव्याचा काय संबंध?

कृष्णद्रव्य म्हणजे न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य. ते आहे हे मान्य करावं लागलं, तेच मुळी गतीमुळे. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० साली देवयानी दीर्घिकेतल्या तेजोमेघांचे वेग केंद्रापासून बाहेरपर्यंत मोजले. बाहेर प्रकाश विरळ होत जातो, तेव्हा वेगही कमी व्हायला हवा होता. तो फारसा कमी होईना, म्हणजे तिथे न दिसणाऱ्या कशाची तरी ओढ होती. पुढे अनेक दीर्घिकांत हेच दिसलं, आणि ॲल्बर्ट बोस्मा यांनी १९७८ मध्ये हायड्रोजन वायूच्या मदतीने ताऱ्यांच्या कितीतरी पलीकडे हीच परिस्थिती असल्याचं दाखवलं. न दिसणाऱ्या द्रव्याचं मोठं प्रभामंडळ आधी जमतं, त्याच्या ओढीने वायू आत पडतो आणि मग तारे घडतात, हा आजचा सर्वमान्य क्रम या मोजमापांवर उभा आहे.

एकाच दीर्घिकेत तारे उलटसुलट फिरू शकतात का?

फिरतात. कन्या तारकासमूहातल्या दीर्घिकांच्या थव्यात एनजीसी ४५५० नावाची दीर्घिका आहे. दिसायला काही विशेष नाही. १९९२ साली व्हेरा रुबिन आणि सहकाऱ्यांनी तिचा वर्णपट तपासला, तर प्रत्येक रेषा दुहेरी होती. एकाच जागी ताऱ्यांच्या दोन तबकड्या, जवळपास तुल्यबळ, पण एकमेकींच्या विरुद्ध दिशेने फिरणाऱ्या. तारे आदळत नसल्यामुळे हे असं बिनदिक्कत चालू राहू शकतं. वायूचं तसं नाही. तो एकाच दिशेने फिरतो. ज्या तबकडीच्या दिशेने वायू फिरतो, तिच्यातले तारे वयाने तरुण आहेत, असं नंतरच्या अभ्यासांत आढळलं. तेव्हा आधी एक तबकडी होती, मग उलट्या फिरकीचा वायू बाहेरून आला आणि त्यातून दुसरी घडली, हे स्पष्टीकरण पटतं.

इतका टोकाचा प्रकार विरळा. पण ‘ॲटलास थ्री-डी’ पाहणीतल्या फिरणाऱ्या आणि वायू असलेल्या दीर्घिकांपैकी साधारण एक तृतीयांश दीर्घिकांत वायूचा अक्ष ताऱ्यांच्या अक्षाशी जुळत नाही. हा वायू त्यांनी बाहेरून मिळवलेला आहे.

दीर्घिकेत वायू येतो आणि जातो, हे प्रत्यक्ष दिसतं का?

दिसतं. आकाशगंगेच्या फिरण्याशी मेळ न खाणाऱ्या वेगाने धावणारे हायड्रोजनचे ढग १९६३ पासून माहीत आहेत. त्यातला स्मिथ ढग सुमारे तीन कोटी वर्षांनी आपल्या तबकडीवर येऊन पडणार आहे. त्यातलं गंधकाचं प्रमाण हबल दुर्बिणीने मोजलं. ते सूर्यातल्या प्रमाणाच्या साधारण निम्मं निघालं, जे आकाशगंगेच्या बाहेरच्या कडेसारखं आहे. तो कदाचित इथलाच बाहेर फेकला गेलेला वायू असेल आणि आता परत येत असेल.

बाहेर फेकला जाणारा वायू पाहायचा तर सप्तर्षीतली एम ८२ ही दीर्घिका घ्यावी. तिच्या केंद्रात तारे फार वेगाने घडताहेत आणि स्फोटांच्या रेट्याने वायू दोन्ही बाजूंनी शंकूसारखा बाहेर पडतोय. तिथली हायड्रोजनची रेषा दुभंगलेली दिसते, कारण शंकूची पुढची भिंत आपल्याकडे येते आणि मागची दूर जाते.

या येण्या-जाण्याच्या हिशेबात पुणे जिल्ह्याचा मोठा वाटा आहे. नारायणगावजवळ खोडदला ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये तिथून सुमारे ८ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतला अणुरूप हायड्रोजन मोजला. एकेका दीर्घिकेचा संदेश ऐकू येणार नाही इतका क्षीण होता, म्हणून ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकावर एक रचून त्यांची सरासरी काढली. प्रत्येक दीर्घिकेचा वेग आधीच अचूक माहीत असल्याशिवाय असं रचता येत नाही. उत्तर असं आलं, की ज्या झपाट्याने तेव्हा तारे घडत होते त्या झपाट्याने तो वायू एक-दोन अब्ज वर्षांत संपला असता. नवा वायू पुरेसा येत राहिला नाही, म्हणून विश्वातली ताऱ्यांची निर्मिती पुढे मंदावली.

सुरुवातीच्या विश्वातल्या दीर्घिका कशा फिरत होत्या?

अपेक्षा होती ती गोंधळाची. १० अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांचे वेग चिलीमधल्या मोठ्या दुर्बिणीतून मोजले गेले, तेव्हा बऱ्याच दीर्घिका फिरणाऱ्या निघाल्या, पण त्यांच्यातला वायू भलताच खळबळलेला होता. आजच्या तबकडीत वायूच्या वेगाचा विखुरलेपणा सेकंदाला १० किलोमीटरच्या आसपास असतो, तिथे तो ५० च्या घरात होता.

याहून मागे गेलं की आश्चर्य वाढतं. २०२० मध्ये ‘अल्मा’ या चिलीतल्याच दुर्बीणसमूहाने महास्फोटानंतर केवळ दीड अब्ज वर्षांच्या एका दीर्घिकेत सेकंदाला सुमारे २७२ किलोमीटर वेगाने, नीट फिरणारी वायूची तबकडी दाखवली. तिला ‘वूल्फ तबकडी’ म्हणतात आणि तो शोध लावणाऱ्यांत पुण्याचे काणेकर होते. लहान दीर्घिकांच्या धडकांतून वायू तापत असता, तर इतक्या लवकर इतकी व्यवस्थित तबकडी जमली नसती. थंड वायू धाग्यांसारख्या प्रवाहांतून थेट आत येत असावा, या कल्पनेला त्यामुळे बळ मिळालं.

पुण्याच्याच राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी २०२५ मध्ये वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांत त्याच काळातली ‘अलकनंदा’ नावाची देखणी सर्पिल दीर्घिका शोधली. तिचे हात स्पष्ट दिसतात. आता तिच्यातल्या वायूचे वेग मोजायला हवेत, म्हणजे तिची तबकडी शांत आहे की खळबळलेली हे कळेल. मी स्वतः त्या मोजमापाची फार आतुरतेने वाट पाहतोय.

देवयानी दीर्घिका आपल्यावर आदळणार, हे नक्की का?

नाही. ती सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे आणि दोन्ही दीर्घिका सेकंदाला साधारण ११० किलोमीटर वेगाने जवळ येत आहेत, एवढं पक्कं. सगळं अडतं ते तिच्या आडव्या वेगावर, आणि तो मोजणं अतिशय कठीण. २०१२ च्या मोजमापांनंतर धडक जवळजवळ अटळ मानली गेली होती. २०२५ मध्ये मोठ्या मॅजेलॅनिक मेघाची, म्हणजे आकाशगंगेजवळच्या एका लहान दीर्घिकेची, ओढ आणि मोजमापांतली अनिश्चितता हिशेबात धरून पुन्हा गणित मांडलं, तेव्हा पुढच्या १० अब्ज वर्षांत विलीनीकरण होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास आली.

हे सगळं आपल्याला कुठे पाहता येईल?

देवयानी दीर्घिका नोव्हेंबर-डिसेंबरच्या अंधाऱ्या रात्री सह्याद्रीतल्या एखाद्या गडावरून नुसत्या डोळ्यांनीही पुसट ठिपक्यासारखी दिसते. खोडदची दुर्बीण पाहायची असेल तर २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन गाठावा. तेव्हा तिथे मोठं प्रदर्शन भरतं, जुन्नर-आंबेगावच्या शाळांतली मुलं आपापले प्रयोग घेऊन येतात आणि शास्त्रज्ञांना थेट प्रश्न विचारता येतात.

गायाच्या नोंदी कोणालाही फुकट उतरवून घेता येतात. थोडं प्रोग्रॅमिंग येणारा महाविद्यालयीन विद्यार्थी सूर्याजवळच्या ताऱ्यांची शंखासारखी ती गुंडाळी घरच्या संगणकावर स्वतः काढू शकतो. चौथा माहितीसंच डिसेंबर २०२६ साठी जाहीर झाला आहे. त्यात साडेपाच वर्षांची निरीक्षणं असतील, त्यामुळे आडवे वेग आजच्याहून बरेच अचूक मिळतील.